प्रयागबाई, राहणार सक्करदरा

पडद्यावर आधी हात आले. ॲपच्या चाचणीसाठी कॅमेरा नेहमीप्रमाणे वरून लावलेला होता. त्यात फोन आणि फोनवरचे हात एवढंच दिसायचं, आणि माणसाचा चेहरा कोपऱ्यातल्या लहान चौकटीत मागाहून यायचा. हातांनी फोन उचलला, पदराच्या टोकाने काच पुसली, तोंडाजवळ नेली आणि तिच्यावर हलकीशी फुंकर मारली. शेजारच्या खोलीत पडद्यासमोर बसलेले तिघेही, केयूर, अपेक्षा आणि सुमंत, एकदम हसले. "अरे बाप रे, फुंकर," केयूर म्हणाला, "खरंच मारली. सुमंत, बघ, तुझी प्रयागबाई." सुमंत पुन्हा हसला. हसून झाल्यावर त्याला दिसलं की डाव्या हाताच्या करंगळीचं पेर वाकडं आहे, सावनेरच्या घराच्या लोखंडी दारात कधीकाळी सापडलेलं, आणि ते हात आपल्या आईचे आहेत.

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. ही माझी आई आहे, एवढंच. केयूर "काय सांगतोस" म्हणाला असता, अपेक्षाने चहा मागवला असता, सगळे पुन्हा हसले असते आणि ते हसणं निराळं असतं. पण नुकताच आपणही हसलो होतो. त्या हसण्यावर लगेच हे वाक्य कसं ठेवायचं ते त्याला सुचेना. थोडं थांबू, चेहरा दिसू दे, मग सांगू, असं त्याने ठरवलं, आणि तेवढ्यात केयूरने विचारलं, "तू पाहिलेलीस की काय ही बाई आधी? इतकं हुबेहूब?" तो म्हणाला, "सगळ्याच अशा असतात रे." हे बोलून गेल्यावर तर आणखीच अवघड झालं. नळ गळतो तेव्हा पहिल्या थेंबाला उठलं नाही की मग माणूस बादली लावून झोपतो, तसं काहीतरी त्याने केलं. नागपुरात सदरमधल्या त्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर भर दुपारी त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या आणि एसीचा वारा नेमका त्याच्याच मानेवर येत होता.

प्रयागबाई अशी कोणी बाई नव्हतीच. सॉफ्टवेअर करणाऱ्यांत ही एक पद्धत आहे. ज्यांच्यासाठी ते करायचं ती हजारो माणसं काही समोर बसवता येत नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने एखाददुसरं माणूस मनानेच घडवायचं. त्याला नाव द्यायचं, वय द्यायचं, गाव द्यायचं, सवयी आणि भीती द्यायच्या, शेवटी त्याच्या तोंडचं एक वाक्य लिहायचं आणि फोटोसकट भिंतीवर लावायचं. पर्सोना म्हणतात त्याला. सुमंतचं कामच ते होतं: लोकांना काय हवं आहे ते शोधून काढायचं आणि प्रोग्रॅमरला पळवाट राहणार नाही अशा वाक्यांत लिहायचं. प्रत्येक वाक्य 'सिस्टिमने अमुक करावं' असं संपायचं, आणि प्रत्येक वाक्यासमोर ते कुठून आलं हेही लिहावं लागायचं, कारण उगम नसलेली गरज ही गरजच नव्हे असं तो नव्या लोकांना शिकवत असे. एका मोठ्या दवाखान्याचं ॲप करायचं होतं, घरबसल्या डॉक्टरची वेळ घ्यायची, रिपोर्ट पाहायचे. त्यासाठी त्याने चार माणसं घडवली. निवृत्त मास्तर, कुरिअरवाला पोरगा आणि एक दमलेली डॉक्टरीण ही तिघं कागदावरच राहिली. प्रयागबाई मात्र पहिल्याच दिवशी उठून चालू लागली. फोटो इंटरनेटवरचा, कुठल्यातरी परप्रांतातल्या हसऱ्या बाईचा. बाकी सगळं यमुताईंचं, म्हणजे त्याच्या आईचं. चष्मा टीव्हीवर विसरणं, एकच गोष्ट दोनदा विचारणं, काचेवर फुंकर मारणं. आणि उगमाच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, 'क्षेत्रभेट, सक्करदरा'. ते लिहिताना त्याला वाईट वाटलं नव्हतं. उलट आपण काम किती मुळापासून करतो असंच वाटलं होतं.

दर रविवारी तो बेसाच्या फ्लॅटमधून सक्करदऱ्याला, सावनेर सोडून तिथे आलेल्या आईकडे, जात असे. बायकोला, नूपुरला, शाळेच्या वह्या तपासायच्या असत, म्हणून बहुतेक एकटाच. आई दारात उभी असे. चहा ठेवे. मग मोबाईल आणून त्याच्यापुढे धरे, गॅसचा नंबर लावून दे, विजेचं बिल किती आलं पाह्य, ह्या मेसेजमध्ये काय म्हणून राहिले ते सांग. तो करून देई. कधीकधी चिडे, एवढं सोपं आहे आई, म्हणे. ती म्हणे, "मले नाही समजत गा बाप्पा, तूच करून दे." हे वाक्य त्याने उचललं ते जसंच्या तसं, सुरासकट. ऑफिसात पहिल्यांदा ते म्हणून दाखवलं तेव्हा सगळी मीटिंग खो खो हसली. दवाखान्याकडून आलेले मोठे साहेबसुद्धा डोळे पुसत म्हणाले, आमच्या ओपीडीत रोज येते ही बाई. तेव्हापासून प्रयागबाई ही त्या ऑफिसातली सगळ्यात वजनदार व्यक्ती झाली. कोणी कितीही मोठा युक्तिवाद करो, "प्रयागबाईला जमेल का?" म्हटलं की गप्प. बटण मोठं झालं ते तिच्यामुळे, अक्षरं ठळक झाली ती तिच्यामुळे. आणि अडलं की हुकूम सुटायचा, सुमंत, विचार रे तिला. मग सुमंत खांदे थोडे पुढे काढायचा, फोन नाकाशी धरायचा, फुंकर मारायचा आणि बोलायचा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं, पण तेव्हा त्याला त्याची गंमतच वाटे.

गंमत म्हणजे ती भाषा त्याचीच होती. बारावीपर्यंत तोही 'मले' आणि 'तुले' म्हणत असे. वडील, मार्तंडराव, सावनेरजवळच्या कोळसा खाणीत हजेरीबाबू होते, घरात दुसरी भाषा कुणाला माहीतच नव्हती. पुण्याला इंजिनीअरिंगला गेला आणि पहिल्याच दिवशी मेसमध्ये म्हणाला, "मले वरण वाढा." आख्खं टेबल हसलं. पुढे कितीतरी दिवस पोरं त्याला वरण वाढताना 'घे गा, तुले वरण' म्हणत. त्याने रात्रीतून म्हणावं तशी भाषा बदलली. इतकी, की सुट्टीत घरी आल्यावर आई म्हणाली, पाहुण्यासारखा बोलून राहिला तू. आणि इतक्या वर्षांनी ती जुनी भाषा परत आली ती प्रयागबाईच्या तोंडून. आता टेबल हसत होतं, पण ह्या वेळी हसवणारा तो होता. ह्यात काय गोड वाटतं ते त्याने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आज पडद्यापुढे बसल्यावर मात्र त्या मेसमधल्या टेबलाचा सनमायका, त्यावरचा ताकाचा डाग, सगळं त्याला लख्ख दिसायला लागलं, आणि त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला आता आपणच बसलो आहोत हेही दिसलं.

कोपऱ्यातल्या चौकटीत चेहरा आला. नूपुरच्या आणि त्याच्या लग्नात घेतलेली जांभळी साडी तिने नेसली होती. केस तेल लावून चापून बसवलेले. गळ्यात पाहुण्यांना देतात ते कार्ड, आणि ते उलटं फिरू नये म्हणून एका हाताने धरलेलं. ती फोनकडे पाहत नव्हती. दाराकडे, काचेच्या भिंतीकडे, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे पाहत होती. कुणाला शोधते आहे हे पायलला कळत नव्हतं, सुमंतला कळत होतं. पायल म्हणजे चाचणी घेणारी मुलगी; तिची मावशी सक्करदरा तलावाजवळच्या बागेत बायकांचा योगावर्ग चालवते, तिथूनच ह्या आठवड्याच्या सगळ्या बाया आणल्या होत्या. आडनावं विचारायची नाहीत, मोकळेपणा जातो, असा नियम सुमंतनेच घातलेला. आईला ऑफिस पाहायचं होतं. कितीदा म्हणाली होती, एकदा तुहं हापिस दाखव. त्याने सांगितलं होतं की आत कार्डाशिवाय सोडत नाहीत. गेल्या रविवारी तिने विचारलं, "बुधवारी तू हापिसात असशील ना?" आणि तो फोनमधून डोकं वर न काढता हूं म्हणाला होता. आता तिच्या गळ्यात कार्ड होतं.

"काकू, आरामात बसा," पायल पडद्यावर सांगत होती. "ही तुमची परीक्षा नाही, ॲपची परीक्षा आहे. बाजूच्या खोलीत आमचे लोक पाहताहेत, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका."

"कोण कोण आहे?" आईने विचारलं.

"आमची टीम." पायल हसली. "तुम्ही आधी फोन हातात घेतलात ना, तसाच घ्या. काय दिसतं ते मोठ्याने बोलत जा."

मोठ्याने वाचायला तिला सांगावं लागत नाही. रस्त्याने जाताना ती दुकानांच्या पाट्या वाचते, दळणाच्या पिशवीवरची जाहिरात वाचते. मार्तंडरावांनी लग्नानंतर तिला वाचायला शिकवलं ते तसंच, मोठ्याने, आणि ती सवय गेली नाही. तिने पिशवीतून चष्मा काढून लावला, आणि फोनकडे पाहण्याआधी तिची नजर समोरच्या भिंतीवर गेली. नेहमीच्या खोलीतला एसी बिघडला होता, म्हणून पायलने आज चाचणी टीमच्याच खोलीत ठेवली होती, आणि त्या खोलीच्या भिंतीवर ती चारही माणसं लटकत होती. चाचणीच्या आधी भिंती झाकायच्या हासुद्धा त्याचाच नियम. पण इतके महिने ती पोस्टरं पाहून पाहून कुणालाच दिसेनाशी झाली होती. दवाखान्याच्या लोकांसाठी म्हणून ती मुद्दाम मराठीत केलेली, ठळक अक्षरांत. प्रयागबाईला चष्म्याशिवाय वाचता यावीत इतकी ठळक.

"प्रयागबाई," आई वाचू लागली. "वय त्रेसष्ट. राहणार सक्करदरा."

"अय्यो, पोस्टर काढलं नाही," अपेक्षा म्हणाली. "पायलला मेसेज करू?"

"राहू दे," केयूर पुढे वाकला. "बघू तरी काय म्हणते. फुकटची रिअ‍ॅक्शन."

सुमंतला उठता आलं असतं. दार तीन पावलांवर होतं. तो उठला नाही. त्याने टेबलावरचं पेन उचललं, त्याचं टोपण काढलं आणि परत लावलं. "चष्मा टीव्हीवर विसरतात," ती वाचत होती. तिला धडा वाचायची सवय, त्यामुळे प्रत्येक पूर्णविरामापाशी ती थांबत होती. "फोनवर फुंकर मारतात." इथे ती जरा जास्त थांबली. हातातल्या फोनकडे तिने पाहिलं. "एकच गोष्ट दोनदा विचारतात. नवीन गोष्टीची भीती वाटते. स्वतःहून काही करीत नाहीत. मुलाची वाट पाहतात." आणि मग खाली, अवतरणचिन्हांत, मोठ्या तिरप्या अक्षरांत जे होतं ते: "मले नाही समजत गा बाप्पा, तूच करून दे." ते तिने वाचलं तेव्हा त्यात तो सूर नव्हता. ज्या सुरावर सगळं ऑफिस हसायचं तो सूर तिने घेतलाच नाही. सरकारी पाटी वाचावी तसं सपाट वाचलं, आणि चष्मा जरा वर सारला. मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणतात. सुमंतला वाटलं, मेलेल्याला निदान हे ऐकू येत नसेल.

"ते काल्पनिक आहे हं काकू," पायल गडबडीने म्हणाली. "अशी कोणी बाई नाही. आम्हाला समजावं म्हणून बनवलेली."

"हो का," आई म्हणाली. "कोणं बनवली?"

"आमचे एक सर आहेत."

आईने मान वळवली आणि थेट कॅमेऱ्यात पाहिलं. तिला तो कॅमेरा आहे हे ठाऊक होतं की नुसतं वर पाहायचं म्हणून पाहिलं, कुणास ठाऊक. सुमंतने खुर्ची मागे ओढली. आपण तिला दिसत नाही हे त्याला पक्कं माहीत होतं, तरी ओढली. केयूर म्हणाला, "डोळे बघ. भारी फ्रेम आहे ही."

मग तिने फोन खाली ठेवला, नीट समोर, पाटी ठेवतात तसा, आणि पायल जे जे सांगेल ते ते केलं. हाडांचा डॉक्टर शोधा. शोधला. सोमवारी सकाळची वेळ घ्या. घेतली. ती वेळ बदलून दुपारची करा. ह्या जागी भलेभले अडकत, मागे जाण्याचा बाण एका कोपऱ्यात होता. तो बदलायला हवा असं सुमंतने दोनदा लिहिलं होतं. ती अडकली नाही. तिचं बोट सरळ बाणावर गेलं. रिपोर्ट उघडून मुलाला पाठवायचा म्हटल्यावर तिने विचारलं, "व्हॉट्सॲपवर पाठवू का मेलवर?" अपेक्षाने हातातली पेन्सिल खाली ठेवली. एकही गोष्ट तिने दोनदा विचारली नाही. सगळं संपलं तेव्हा पायलच्या कागदावरच्या अडचणी लिहायच्या अर्ध्या जागा कोऱ्याच राहिल्या होत्या. "छे," केयूर म्हणाला, "ही प्रयागबाई नाही यार. ही तर आपला डेटा बिघडवेल." सुमंत पडद्याकडे पाहत राहिला. गेल्याच रविवारी ह्याच बोटांनी फोन त्याच्यापुढे धरला होता. गॅसचा नंबर, बाप्पा, लावून दे.

पायल हुशार मुलगी. कुठे खणायचं ते तिला बरोबर कळतं, आणि खणायचं कसं ते तिला सुमंतनेच शिकवलेलं. पहिलं उत्तर कधी घ्यायचं नाही. का, असं विचारायचं. जे येईल त्यालाही का विचारायचं. असं पाचदा विचारेपर्यंत माणूस खरं काय ते सांगतो. "काकू, घरी हे सगळं कोण करून देतं?" तिने विचारलं.

"मुलगा. दर इतवारी येते."

"पण तुम्हाला तर सगळं येतं की."

"येते. कधीचंच येते. बाजूच्या पोरीनं शिकवलं."

"मग त्याला काहून सांगता?" पायलही नागपूरचीच, लाडात आली की तिचंही 'काहून' निघे.

फोनची काच काळी झाली होती. आईने ती पदराने पुसली, उगीचच, आणि फुंकर मारता मारता थांबली. ते थांबणं सुमंतने पाहिलं. खोलीत दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नाही. "नाही सांगतलं तर तो उभ्या उभ्याच चालला जाते," ती म्हणाली. "काम सांगतलं का बसते."

पडद्यासमोरच्या खोलीत अपेक्षा म्हणाली, "किती गोड," आणि केयूर म्हणाला, "भारी आहे हे. पण हे लिहायचं कुठे?" दोघांनी सुमंतकडे पाहिलं, कारण कुठली गरज कुठे लिहायची हे ठरवणारा तो. आणि सुमंतच्या तोंडातून, इतक्या वर्षांच्या सवयीचं, स्वच्छ, पुणेरी वळणाचं वाक्य आलं, "स्कोपबाहेर. ॲपशी संबंध नाही ह्याचा." अपेक्षाने ते टाइप केलं. कळांचा आवाज त्याने शेवटपर्यंत ऐकला.

लाज ही गोष्ट त्याने आजवर दुसऱ्यांची असते तशीच पाहिली होती. चुकीच्या पानावर बोट ठेवून लाजणारे कारकून, पासवर्ड आठवत नाही म्हणून ओशाळणारे म्हातारे, ह्यांची नोंद तो करत असे, 'संकोच: मध्यम', 'संकोच: तीव्र'. आपली स्वतःची लाज अंगात कुठे राहते ते त्याला आत्ता कळत होतं. ती चेहऱ्यावर नव्हती. ती पोटऱ्यांत होती. तरी तो केयूर आणि अपेक्षाच्या मागोमाग बाहेर आला, कारण चाचणी संपली की सगळ्यांनी पाहुण्यांना भेटायचं असतं, आणि न येणं दिसलं असतं. बोळात लिफ्टसमोर आई उभी होती. हातात कंपनीचं नाव छापलेली स्टीलची बाटली, सगळ्यांना देतात ती. पायल म्हणाली, "काकू, हे सुमंत सर. ती पोस्टरवरची बाई ह्यांनीच लिहिली."

आईने त्याच्याकडे पाहिलं. आधी त्याच्या गळ्यातल्या कार्डावरच्या फोटोकडे, मग त्याच्याकडे. ती थांबली होती. तिने त्याला बोलायला जागा करून दिली, घरात तो जेवायला बसताना पाट जरा सरकवून देते तशी. 'आई' हा शब्द तयार होता. आणि त्याने चाचणीला आलेल्या प्रत्येक बाईला म्हणतो तेच म्हटलं, हात जोडून, हसून, "थँक्यू काकू, वेळ काढून आलात."

तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तिने बाटली काखेत धरली आणि हात जोडले. "नमस्कार, सर," ती म्हणाली. "एक सांगू का? तुमच्या कागदात चुकलं आहे. ती बाई चष्मा टीव्हीवर नाही ठेवत. फ्रिजवर ठेवते."

"अरे वा," केयूर हसला, "तुम्हाला कसं ठाऊक?"

"टीव्हीच नाही आहे तिच्या घरी. दिवाळीच्या आधीच भंगारात गेला." लिफ्ट आली. "येतो मी," म्हणून ती आत शिरली, आणि दार लागेपर्यंत तिने गळ्यातलं कार्ड सरळ धरलेलं होतं.

टीव्ही नाही. तो बोळात उभा राहून ती खोली आठवू लागला. दारातून आत, डाव्या हाताला दिवाण, समोर वडिलांचा फोटो, त्याच्याखाली टेबल, टेबलावर टीव्ही. त्यावर तिने विणलेला पांढरा रुमाल. त्याला तो स्पष्ट दिसत होता. पण हा कधीचा टीव्ही? गेल्या रविवारी त्या टेबलावर काय होतं? फुलदाणी, देवाची पोथी, की नुसतंच टेबल, की टेबलही नाही? प्रत्येक रविवारी तो त्या भिंतीकडे तोंड करूनच बसत असे, आणि त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. क्षेत्रभेट, सक्करदरा. तो जिन्याकडे वळला आणि धावत खाली गेला.

ती फाटकाशी होती, ऑटोत बसत होती. दुपारचं ऊन, सामसूम. चौकीदार खुर्ची आत घेऊन झोपलेला. "आई," तो म्हणाला. धाप लागली होती. "आई, थांब. मी गाडी काढतो."

तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. रिकामा रस्ता, बंद फाटक. "आता इथं कोणी नाही आहे," ती म्हणाली, "म्हणून आई का गा?"

आवाजात राग नव्हता. भाजी ताजी आहे का विचारावं तसं तिने विचारलं, आणि उत्तरासाठी थांबली. तिने पदर गुडघ्यांवर ओढून घेतला. "जा. तुह्ये लोक वाट पाहून राहिले असतील." ऑटोवाल्याने किक मारली, तेवढ्यात तिने त्याला हाताने थांबवलं. "इतवारी ये. नको येऊ म्हणत नाही मी. पण गॅसचा नंबर लावला आहे मी, बिलही भरलं. आता तुह्यासाठी काम नाही आहे काही." ऑटो सदरच्या गर्दीकडे वळला. मागच्या पडद्याच्या फटीतून तिचा जांभळा खांदा थोडा वेळ दिसला, मग एक बस मध्ये आली.

तो जिन्यानेच वर आला. खोलीत सगळे चर्चेला बसले होते, पोस्टरसमोर. प्रयागबाई, परप्रांतातल्या त्या कुठल्याशा बाईच्या चेहऱ्याने, हसत होती. त्याला वाटलं होतं की वर पोचेपर्यंत आपण कसं सांगायचं ते ठरवू, पण एकेक पायरी चढताना फक्त पायऱ्याच चढल्या गेल्या. "कुठे गेला होतास?" केयूर म्हणाला. "बस. चष्म्याचं बदलून टाक, फ्रिजवर. काय बाई होती यार. आणि ते 'नमस्कार, सर'! सुमंत, एकदा कर ना ते. तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही."

सगळे त्याच्याकडे वळले, हसण्याच्या तयारीत. सुमंतने तोंड उघडलं. स्वतःच्या आवाजात एक अक्षर निघेना. मग त्याचे खांदे आपोआप पुढे आले, आणि तो आवाज आला, सुरासकट, जसाच्या तसा. "सर कायचे गा," तो म्हणाला. "माहा पोरगा होय तो."

खोली हसली. केयूरने टेबलावर हात आपटला. अपेक्षा म्हणाली, हुबेहूब. पायल हसता हसता त्याच्या तोंडाकडे पाहून थांबली. ती थांबलेली पाहून अपेक्षा थांबली. केयूर एकटाच थोडा वेळ हसत राहिला, मग त्यालाही ते जाणवलं. सुमंतने खांदे सरळ केले आणि तेच पुन्हा सांगितलं, ह्या वेळी आपल्या आवाजात, आणि तो आवाज इतका लहान निघाला की केयूरला विचारावं लागलं, काय म्हणालास.

"मले वरण वाढा म्हणणारी आई आहे ती माझी," असलंच काहीतरी विचित्र त्याच्या तोंडून आलं. मग त्याने ते सोडून दिलं आणि नीट सांगितलं. "ती माही आई होय."